चालता चालता विचारलेले प्रश्न

(वैद्य अनंतशास्त्री केळशीकर यांच्या पंचाहत्तरीनिमित्त)

शास्त्रीबुवांना मी प्रथम पाहिले तेव्हा ते एका वृद्ध साडीव्यापाऱ्याला घेऊन काशीत संकठा घाटाच्या वरच्या गल्लीतून चालले होते, आणि व्यापारी कुरकुरत होता.

"बैदजी, दवा दीजिए. घुमाने के लिए तो घर में नाती-पोते हैं."

"लालाजी, बड़ी बिटिया के ब्याह में मिठाई कौन कौन सी बनी थी?" शास्त्रीबुवांनी विचारले.

लालाजी चालता चालता मिठायांची नावे घेऊ लागले. शास्त्रीबुवा मात्र खाली मान घालून त्यांच्या पायांकडे बघत होते. नावे ते ऐकत होते की नाही याची मला शंका आली. मी तेव्हा अलाहाबादेहून बी. ए. होऊन नुकताच घरी परतलो होतो आणि ओट्यावर बसून गल्लीतल्या प्रत्येक माणसावर शेरा मारण्याचा मला अधिकार आहे असे समजत होतो. "हे वैद्य रोग्याची नाडी पायात शोधतात वाटतं," मी म्हणालो. ओट्यावरची मंडळी हसली.

परत येताना शास्त्रीबुवा माझ्यासमोर थांबले. "पायातच आहे," ते म्हणाले. "चेष्टा बरोबर केलीत. फक्त ती बरोबर आहे हे तुम्हाला ठाऊक नव्हतं."

या गोष्टीला वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. 'तुम्ही'चे 'तू' झाले, मी इंग्रजी शाळेत शिक्षक झाल्यापासून ते मला 'मास्तर' म्हणू लागले, आणि त्यांच्याबरोबर रोज सकाळी चालणे हा माझा नेम झाला. म्हणूनच या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला लेख सांगितला. विषयही त्यांनीच नेमून दिला होता: 'शास्त्रीबुवांची असामान्य स्मरणशक्ती'. हा लेख त्या विषयावर नाही. मी चार वेळा लिहायला बसलो आणि चारही वेळा पहिल्या वाक्याशी उठलो. का उठलो ते खाली लिहिले आहे. ते शास्त्रीबुवांच्या परवानगीने लिहिले आहे, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर वाचकाला मी कृतघ्न वाटेन. अजूनही वाटलो तर माझा इलाज नाही.

शास्त्रीबुवांचे घराणे, त्यांच्या आजोबांचे कोकणातून काशीत येणे, त्यांचे अध्ययन, त्यांची औषधे, यांविषयी माझ्यापेक्षा जाणत्या माणसांनी या ग्रंथात लिहिले आहे. मी फक्त त्यांच्या एका पद्धतीविषयी लिहितो, कारण तीच मला ठाऊक आहे.

साठी उलटलेल्या रोग्याला ते बसवून तपासत नसत. रोगी औषधाच्या खोलीत आला की ते वहाणा पायात सरकवत आणि म्हणत, "चला, जरा खाली जाऊन येऊ." मग गल्लीतून, संकठेच्या देवळावरून, घाटाच्या पायऱ्या उतरून, रोग्याला झेपेल तितके. धडधाकट माणूस असला तर थेट मुन्शी घाटापर्यंत. वाटेत थोडे मुकाट्याने चालायचे, मग काही तरी विचारायचे. प्रश्न असा हवा की उत्तर द्यायला थोडा विचार करावा लागेल. "चालत्या माणसाला प्रश्न विचारावा आणि त्याचे पाय बघावेत," ते सांगत. "उत्तर चूक की बरोबर, ते नंतर." काही माणसे बोलत बोलत चालत राहत. काहींची पावले आखूड होत. काही मात्र थांबत, उत्तर देत, आणि मग पुन्हा चालू लागत. थांबणाऱ्यांची ते काळजी करत. मणिकर्णिकेच्या स्मशानावरून जाताना ते कुणालाच प्रश्न विचारत नसत. "इथे सगळ्यांचेच पाय जड होतात," ते म्हणत, "त्यावरून काही ठरवू नये."

"हे कुठल्या ग्रंथात आहे?" मी एकदा विचारले.

"असेल. मला सापडलं नाही. मला खिडकीत सापडलं."

त्यांच्या खोलीची खिडकी गल्लीवर आहे. काशीवासाला म्हणून आलेली वृद्ध माणसे त्या गल्लीत वर्षानुवर्षे राहतात आणि रोज त्याच वाटेने गंगेवर जातात. शास्त्रीबुवा खल चालवताना त्यांना बघत. कुणाची चाल संथ झाली, कुणाचे पाऊल घासू लागले, हे त्यांच्या ध्यानात येई. आणि त्यांतलाच कुणी दोन-तीन वर्षांनी आपले दार न सापडून त्यांच्या दारात उभा राही. असे पुष्कळदा झाल्यावर त्यांनी उलट दिशेने विचार सुरू केला: डोके दार विसरण्याआधी पाय काही सांगत असतात का? "एकाच खिडकीतून इतकी वर्षं तीच माणसं बघायला मिळाली, हे माझं नशीब. त्यात हुशारी नाही," असे ते म्हणत.

त्यांची हुशारी काय आहे ते आमच्या घराला कळले ते वडिलांच्या वेळी.

माझे वडील घनपाठी होते. वेदातले शब्द पुढेमागे उलटसुलट गुंफून म्हणायचा तो सर्वांत अवघड पाठ, आणि वडिलांचा त्यात कधी स्वर ढळला नव्हता. साठीनंतर त्यांची चाल मंदावली. आम्ही गुडघे धरले आहेत असे ठरवले आणि वर्षभर तेल चोळले. बुद्धीचा विचार कुणाच्या मनात येणेच शक्य नव्हते. आमच्या समाजात ही चूक नेहमीची आहे: ज्याला घन म्हणता येतो त्याच्या बुद्धीला काय होणार? मी शास्त्रीबुवांकडे गेलो तो आणखी चांगले तेल मागायला.

"गुडघे बघतो," ते म्हणाले. "आधी चालू या."

वडील गल्लीतून घन म्हणत चालले. एक अक्षर चुकले नाही, एक पाऊल अडले नाही. मी शास्त्रीबुवांकडे जरा विजयाने पाहिले. त्यांनी वडिलांचा एक मंत्र पुरा होऊ दिला आणि विचारले, "घनपाठी, आज शुद्ध दशमी. अजून सोळा दिवसांनी तिथी कुठली?"

वडील थांबले. भिंतीला हात लावला. "सोळा," ते म्हणाले. मग पुन्हा, "सोळा." आणि मग त्यांनी पुन्हा घन सुरू केला, जिथे सोडला होता तिथून, आणि त्याबरोबर त्यांचे पायही चालू लागले.

"पाठ केलेलं पायांना जड होत नाही," शास्त्रीबुवा मला नंतर म्हणाले. "नवं काही शोधायचं असलं की ते जड होतं."

ते मला नंतर म्हणाले, आधी नाही. त्या दिवशी त्यांनी मला वर थांबायला सांगितले आणि वडिलांना घेऊन ते घाटाच्या पायरीवर बसले. दोघे बराच वेळ बोलत होते. मी वर येरझारा घालत होतो. शास्त्रीबुवा वर आले तेव्हा मी रागावून म्हणालो, "मुलगा मी आहे. आधी मला सांगायला हवं होतं."

"बुद्धी त्यांची आहे, मास्तर. बातमी आधी तिच्या धन्याला. तुझा नंबर दुसरा."

त्या बातमीनंतर वडिलांना शहाणपणाचे साधारण एक वर्ष मिळाले, आणि ते वर्ष त्यांनी वाया घालवले नाही. आपले विद्यार्थी त्यांनी दुसऱ्या गुरूंकडे स्वतः नेऊन सोडले. एकट्याने गंगेत उतरायचे नाही, हे त्यांनी स्वतः ठरवले. धाकट्या भावाशी त्यांचा अकरा वर्षांचा अबोला होता, एका सकाळी ते त्याच्या घरी जाऊन पाटावर बसले आणि म्हणाले, "जेवायला वाढा." पुढच्या वर्षी त्यांना भाऊ ओळखता आला नसता. मला आधी सांगितले असते तर मी हे सारे त्यांच्यापासून लपवले असते, आणि तो पाट मांडलाच गेला नसता.

त्यानंतरची तीन वर्षे वाईट होती. त्या तीन वर्षांत शास्त्रीबुवा रोज दिवेलागणीच्या आधी आमच्याकडे येत, वडिलांचा हात धरत आणि त्यांना गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणत. कुणी बोलावले नव्हते. आई संकोचाने म्हणाली, "तुम्ही रोज कशाला तसदी घेता?" तर म्हणाले, "मलाही सोबत लागते, वहिनी." मी त्यांना विचारले, याने आजार थांबतो का? ते म्हणाले, "थांबतो असं मी पाहिलेलं नाही. ज्यांना घरात बसवून ठेवलं ते लवकर खचले असं मला वाटतं. पण ते आधीच जास्त खचलेले होते म्हणून त्यांना बसवलं, असंही असेल. हे मला सोडवता येत नाही. चालतील तोवर माणसांत राहतील, एवढं नक्की."

अशी उत्तरे मी कॉलेजात कधी ऐकली नव्हती. पुढे एक इंग्रज डॉक्टर साहेब त्यांची पद्धत ऐकून भेटायला आले तेव्हा दुभाष्याचे काम माझ्याकडे होते. साहेबांनी विचारले, किती रोगी पाहिलेत आणि त्यांतल्या किती जणांविषयी तुमचा अंदाज बरोबर ठरला? मी मनात मोठा आकडा तयार ठेवला होता. शास्त्रीबुवा म्हणाले, "साहेबांना सांग, मोजले नाहीत. बरोबर आले ते आठवतात. चुकले ते मी सोयीने विसरलो असेन." साहेब हसले, आणि जाताना त्यांनी दोन्ही हातांनी शास्त्रीबुवांचा हात धरला.

ते गेल्यावर शास्त्रीबुवांनी मला सांगितले, "तू रोजनिशी लिहितोस ना? त्यात मागच्या बाजूला माझ्या चुका लिहीत जा." पहिली चूक त्यांनी स्वतः सांगितली. साताऱ्याकडच्या एक विधवा बाई काशीवासाला आल्या होत्या. प्रत्येक प्रश्नाला त्या थांबत. शास्त्रीबुवांनी त्यांना पायरीवर बसवून मोठ्या हळुवारपणे बुद्धीच्या आजाराविषयी सांगितले. बाईंनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "वैद्यबुवा, मला ऐकू कमी येतं. तुमचे ओठ बघायला थांबते. चालता चालता तुमचे ओठ बघत बसले तर थेट गंगेत जाईन की." शास्त्रीबुवांनी दुसऱ्या दिवशी त्यांच्या बिऱ्हाडी जाऊन क्षमा मागितली आणि ही हकिकत स्वतः गावभर सांगितली. तेव्हापासून डोळे, कान, गुडघे आणि वहाणा तपासल्याशिवाय त्यांनी कुणाच्याही थांबण्याचा अर्थ लावला नाही.

आता गेल्या श्रावणाकडे येतो.

श्रावणात गंगा पायऱ्या गिळते, तेव्हा आम्ही गल्ल्यांतून चालतो. त्या दिवसांतल्या एका सकाळी शास्त्रीबुवा मला एका काढ्याविषयी सांगत होते आणि एक शब्द न सापडून थांबले. शब्द सापडला, चालू लागले. गल्लीत चिखल होता. मी रोजनिशीत लिहिले, 'चिखल'. दोन दिवसांनी पुन्हा थांबले. समोरून बैल येत होता; लिहिले, 'बैल'. भाद्रपदात थांबले तेव्हा त्यांना थोडी पडशाची बाधा होती. अशी कारणे मी लिहीत गेलो. आश्विनात चिखल वाळला, घाट धुऊन निघाले, पडसे गेले, बैल काही रोज येत नाहीत, आणि शास्त्रीबुवा थांबतच राहिले. पडताळून पाहावे म्हणून मी एक दिवस वाटभर गप्प राहिलो. ते तरातरा चालले.

त्याच महिन्यात ते एका सभेत वैद्यकाच्या जुन्या ग्रंथातला अध्यायच्या अध्याय न अडखळता म्हणाले. लोक थक्क झाले. या ग्रंथाचे संपादक शेजारीच बसले होते, ते माझ्या कानात म्हणाले, "ही स्मरणशक्ती बघा. हाच विषय तुम्हाला." मी मान डोलावली. वडिलांच्या वेळी जी चूक आम्ही अजाणतेपणे केली ती आता मी जाणून-बुजून करायला निघालो होतो.

मला हे कुणाला सांगायचे होते ते ठाऊक होते. नियम त्यांचाच होता आणि मला तोंडपाठ होता. तरी मी सांगितले नाही. रोज सकाळी ठरवून निघत असे, आणि मुन्शी घाटावरून परतताना मनाशी म्हणत असे, अजून खात्री नाही, आणखी आठ दिवस बघू. हे खात्रीसाठी होते की भीतीपोटी, याचा मी रोजनिशीत पुष्कळ काथ्याकूट केला आहे. आता ती पाने वाचताना मला त्यांत खात्रीची चाड फार थोडी दिसते. शाळेत मुलांना शिकवताना माझे लक्ष नसे. जेवताना मी उठून उभा राही. बायको म्हणाली, "तुम्ही कुणाचं काही चोरलंय का?"

मार्गशीर्षात संपादकांचा निरोप आला की लेख हवा. मी लिहायला बसलो आणि 'शास्त्रीबुवांची स्मरणशक्ती आजही' एवढे लिहून उठलो. चौथ्यांदा उठलो तो तसाच, भर दुपारी, त्यांच्या घरी गेलो.

शास्त्रीबुवा औषधाच्या खोलीत तराजूच्या काट्यासमोर बसून पुड्या बांधत होते. त्यांच्या कन्या गोदाताई कोपऱ्यात खल चालवत होत्या. गोदाताई लहानपणी वैधव्य येऊन माहेरी परतल्या. गेली तीस वर्षे त्या घरातले प्रत्येक औषध त्यांच्या हाताखालून जाते. मला बसा म्हणाल्या. मी बसलो नाही.

"शास्त्रीबुवा," मी म्हणालो, "चला, जरा खाली जाऊन येऊ."

त्यांचा हात काट्यावर थांबला. हे वाक्य त्या खोलीत त्यांच्याशिवाय कुणी कधी उच्चारले नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग हातातली पुडी पुरी बांधली आणि वहाणा घातल्या. गोदाताईंचा खल बंद झाला होता.

आम्ही गल्लीतून मुकाट्याने निघालो. देवळापाशी मी विचारले.

"आज शुद्ध षष्ठी. अजून अठरा दिवसांनी तिथी कुठली?"

ते थांबले. काही वेळाने म्हणाले, "वद्य नवमी." उत्तर बरोबर होते. पण ते उत्तराकडे लक्ष देत नव्हते. ते आपल्या पायांकडे बघत होते.

"कान ठीक आहेत," ते म्हणाले. "डोळे तुझ्याहून बरे आहेत. गुडघे दुखत नाहीत." जणू दुसऱ्या कुणाविषयी बोलत होते. मग विचारले, "कधीपासून?"

"श्रावणापासून."

त्यांनी मनाशी महिने मोजले. "चार महिने," ते म्हणाले. "माझ्या हातची औषधं चार महिने गावात जाताहेत, मास्तर."

त्यांनी आवाज चढवला नाही. मला आजवर पुष्कळांनी पुष्कळ बोल लावले. हा एकच मनातून जात नाही. मी त्यांच्या भावनेला जपत होतो असे मला वाटत होते. काट्यावर गुंजभर इकडची तिकडे झाली तर काय होते, याचा विचार मी एकदाही केला नव्हता.

परत येताना ते एक शब्द बोलले नाहीत, आणि एकदाही थांबले नाहीत.

खोलीत येऊन त्यांनी गोदाताईंना समोर बसवले. "गोदे, मास्तर म्हणतो ते खरं आहे. माझ्या पुड्यांत काही चुकलेलं तुला दिसलं का?"

गोदाताईंनी पदराला हात पुसले. मग उठून फडताळातून एक डबा काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला. त्यात दोन पुड्या होत्या.

"दिवाळीपासून मी सगळ्या पुड्या सोडून बघते आणि पुन्हा बांधते," त्या म्हणाल्या. "तुम्ही स्नानाला गेलात की. दोनदाच चुकलंय, आबा. एकीत औषध दुप्पट होतं. दुसरीत कुचला पडला होता, तो त्या बाईंना द्यायचाच नव्हता. दोन्ही घराबाहेर गेल्या नाहीत."

"दिवाळीच्या आधी?"

"आधीचं मला ठाऊक नाही."

शास्त्रीबुवांनी कुचल्याची पुडी उघडली, बोटाच्या टोकाने चूर्ण हुंगले आणि पुन्हा मिटली. कुचला जपूनच द्यावा लागतो; अशक्त माणसाच्या तो जिवावर बेततो.

"मला का सांगितलं नाहीस?"

"बातमी आधी रोग्याला द्यायची, हे तुम्ही शिकवलंत," गोदाताई म्हणाल्या. "रोगी बाप असला तर कशी द्यायची, ते शिकवलं नाहीत."

यावर शास्त्रीबुवा हसले. खरोखर हसले, मी मात्र भिंतीकडे पाहत होतो. मग त्यांनी काटा उचलला आणि गोदाताईंच्या पुढ्यात ठेवला. त्या मागे सरल्या. "लोक काय म्हणतील?" म्हणाल्या.

"ते मी बघतो. सांगण्याइतकी शुद्ध आहे अजून."

श्रावण ते दिवाळी या दिवसांतल्या रोग्यांची घरे आम्ही तिघांनी आठवून आठवून काढली, आणि पुढचे आठ दिवस शास्त्रीबुवा माझ्यासह प्रत्येक दारी गेले. मी म्हणालो, मी एकटा जातो. ते म्हणाले, "चूक माझी, पाय माझे." प्रत्येक घरी त्यांनी आपल्या तोंडाने सांगितले की माझे चित्त पूर्वीसारखे राहिलेले नाही, तुम्हाला दिलेल्या औषधाने काही त्रास झाला का? बहुतेकांना काही झाले नव्हते. एका घरातल्या आजींना आश्विनात दोन दिवस फार उलट्या झाल्या होत्या. ते औषधाने झाले की आणखी कशाने, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. आजी बऱ्या आहेत. ती नोंद माझ्या रोजनिशीत शास्त्रीबुवांच्या चुकांच्या पानावर नाही. ती मी माझ्या नावावर लिहिली आहे.

पहिल्या दिवशी गोदाताई काट्यावर बसल्या तेव्हा एक जुने रोगी दारातच अडले. "बैदजी, बिटिया के हाथ से दवा लें?" शास्त्रीबुवा शेजारीच बसले होते. "तीस बरस से इसी के हाथ की खा रहे हो," ते म्हणाले. "सिर्फ नाम मेरा था." रोगी आत आले. सगळेच आले असे मी लिहिणार नाही. काही दुसऱ्या वैद्यांकडे गेले. गोदाताई म्हणतात, "जाऊ देत. चालत गेले ना, मग बरे आहेत."

मला शास्त्रीबुवांचा मोठेपणा सांगायला सांगितले होते, आणि मी हे सांगितले. वाचकांनी मला एक प्रश्न विचारावा, तो मी स्वतःला रोज विचारतो: हे छापायची काय गरज होती? गौरवाच्या ग्रंथात माणसाचे उणे कशाला? मी हा लेख त्यांना वाचून दाखवला तेव्हा तोच प्रश्न त्यांना विचारला. ते म्हणाले, "छाप. नाहीतर हा ग्रंथ वाचून लोक माझ्याकडेच औषध मागायला येतील." मग थोडे थांबून, "आणि सगळं वाईटच लिहू नकोस. कालचा दिवस चांगला होता, तोही घाल." तो घालतो. काल आम्ही मुन्शी घाटापर्यंत गेलो, मी तीन प्रश्न विचारले, आणि ते एकदाही थांबले नाहीत. परवा दोनदा थांबले होते. यापुढे काय होईल ते मला ठाऊक नाही. त्यांनाही ठाऊक नाही, आणि ते तसे सांगतात. कदाचित आम्ही दोघेही चुकत असू. तसे असले तर ती चूक मी मोठ्या अक्षरांत लिहीन.

शास्त्रीबुवांना रोज दोन वेळा चालायचे आहे, आणि मी शाळेत असतो. म्हणून या ग्रंथाच्या वाचकांना एक विनंती. औषध गोदाताईंकडून घ्यावे. आणि गल्लीत किंवा घाटावर शास्त्रीबुवा भेटले तर नुसता नमस्कार करून पुढे जाऊ नये. थोडे त्यांच्याबरोबर चालावे. त्यांना काही विचारावे, त्यांना ते आवडते. उत्तर शोधताना ते थांबले तर आपणही थांबावे, आणि त्यांच्याऐवजी उत्तर देऊ नये.

पंचाहत्तरीला शंभराचे मागणे करायची रीत आहे. मी ते करू लागलो तेव्हा शास्त्रीबुवा म्हणाले, "शंभर माग, पण गोदेला विचारून माग. सांभाळायचं तिला आहे." मी विचारले. गोदाताई खल चालवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मागा खुशाल. मी आहे."

तेव्हा मागतो.